आयर्लंडचं ‘अधिकृत’ नाव: कॉर्कच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून चिडले, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. उत्तर लांबणार हे तेव्हाच कळलं, म्हणून लेखाखाली दोन ओळी खरडण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डब्लिनहून डेरीला बसने गेले त्यावरच्या लेखात मी देशाला सरसकट ‘आयर्लंड’ म्हटलं होतं. हे वाचक कॉर्कला तीन वर्षं नोकरी करतात. त्यांचं म्हणणं असं की देशाचं अधिकृत नाव ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ आहे, त्यांच्या ऑफिसात तसंच म्हणतात, आणि नुसतं ‘आयर्लंड’ म्हणणं हा उत्तर आयर्लंडवर, म्हणजे बेटाच्या ब्रिटनकडे असलेल्या भागावर, अन्याय आहे. दुसरं, इंग्रजी नावाचा एवढा कंटाळा असेल तर सरळ ‘एरा’ हे आयरिश भाषेतलं नाव लिहावं. बॉम्बे म्हणणाऱ्याला आपण हटकतो, मग इथे का नाही? तिसरं, एवढ्याशा बेटावर नावावरून भांडणाऱ्यांना दुसरा उद्योग नसावा, आणि त्यावर लिहिणाऱ्यांनाही.

उद्योगाचं सोडून देऊ. मला आहे एक, तो सांभाळून हे लिहिते.

‘अधिकृत’ हा शब्द तुम्ही तीनदा वापरलाय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेचं चौथं कलम जेमतेम एका ओळीचं आहे. राज्याचं नाव एरा, किंवा इंग्रजी भाषेत आयर्लंड. संपलं. रिपब्लिकचा त्यात पत्ता नाही. (आयरिश पाठात ‘इंग्रजी’साठी जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो ‘सॅक्सनांची बोली’. घटनेच्या कागदात असा चिमटा काढणाऱ्यांबद्दल मला प्रेम वाटतं. आणि दोन पाठांत विसंगती निघाली तर आयरिश पाठ ग्राह्य धरायचा, हेही घटनेतच आहे.) ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ हे शब्द आले १९४८ च्या कायद्यात. तो कायदा लागू झाला १८ एप्रिल १९४९ ला, ईस्टरच्या सोमवारी. पण त्या कायद्यातही लिहिलंय की राज्याचं ‘वर्णन’ रिपब्लिक ऑफ आयर्लंड असं राहील. वर्णन, नाव नव्हे. नाव घटनेत होतं, आणि घटनेला हात लावायचा तर सार्वमत घ्यावं लागलं असतं. शाळेच्या दाखल्यावर नावाच्या रकान्यात कुणी ‘उजव्या गालावर तीळ’ लिहीत नाही. तीळ खरा असला तरी.

तुमच्या सहकाऱ्यांपैकी कुणाचा पासपोर्ट पाहायला मिळाला तर बघा. ‘एरा’ आणि ‘आयर्लंड’, दोनच शब्द. संयुक्त राष्ट्रांतही ‘आयर्लंड’च.

मग ऑफिसात ‘रिपब्लिक’ का म्हणतात? उत्तरेपासून वेगळं काढून सांगायचं असलं की तो शब्द सोयीचा पडतो, हे एक. दुसरं म्हणजे फुटबॉल, असा माझा अंदाज. बेटावर फुटबॉलच्या दोन संघटना, एक बेलफास्टची, एक डब्लिनची, आणि दोघी आपापल्या संघाला वर्षानुवर्षं ‘आयर्लंड’च म्हणत राहिल्या. १९५० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तर काही खेळाडू दोन्ही ‘आयर्लंड’कडून खेळले! शेवटी १९५० च्या दशकात फिफाने दोघींनाही दम भरला: तुम्ही ‘नॉर्दर्न आयर्लंड’, तुम्ही ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’. म्हणजे या नावाचं बारसं फिफाच्या मांडीवर झालंय. उलट क्रिकेट आणि रग्बीत अख्ख्या बेटाचा एकच संघ. २ मार्च २०११ ला बंगळुरूमध्ये इंग्लंडच्या ३२७ धावांचा पाठलाग करताना केव्हिन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक ठोकलं, ते तुम्हीही पाहिलं असेल. ओब्रायन डब्लिनचा, कर्णधार पोर्टरफील्ड उत्तरेकडचा. त्या संघाला ‘रिपब्लिक’ म्हणून बघा, ड्रेसिंग रूममधले अर्धे लोक वळून बघतील.

आता जरा कडू भाग. ‘आयर्लंड’ हे नाव घ्यायचं कुणी टाळलं? ब्रिटिश सरकारने, आणि पिढ्यान्‌पिढ्या. १९३८ पासून त्यांच्या कायद्यांत ‘आयर’ हा शब्द यायला लागला, म्हणजे आयरिश भाषेतलं ‘एरा’च, तेही इंग्रजी वाक्यात. १९४९ नंतर त्यांनी ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ धरलं. ‘आयर्लंड’ सोडून काहीही चालेल. कारण उघड होतं. सहा परगणे त्यांच्याकडे, आणि ‘आयर्लंड’ म्हटलं की अख्ख्या बेटावर डब्लिनचा हक्क मान्य केल्यासारखं. हा निव्वळ आकस होता असंही मी म्हणणार नाही, कारण तेव्हाच्या आयरिश घटनेत दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमात अख्ख्या बेटावर दावा खरोखरच लिहिलेला होता. सामाईक वाड्याच्या दाराला एका भावाने आडनावाची पाटी ठोकली की दुसरा भाऊ ती का वाचत नाही, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

यातला माझा आवडता कागद १९८५ चा. दोन्ही सरकारांत करार झाला, सह्या झाल्या, आणि त्याच्या प्रती दोन प्रकारच्या निघाल्या. आयरिश प्रतीच्या मथळ्यावर ‘आयर्लंडचं सरकार’, ब्रिटिश प्रतीवर ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंडचं सरकार’. करार एकच! चार वर्षांनी, १९८९ मध्ये, आयरिश सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रायन वॉल्श यांनी आरोपी हस्तांतराच्या एका खटल्यात सुनावलं की ज्यांना या राज्याची मदत हवी आणि त्याचं घटनेतलं नाव लिहायचं मात्र जिवावर येतं, त्यांची वॉरंटं दुरुस्त करून आणायला परत पाठवावीत. १९९८ च्या गुड फ्रायडे करारात, म्हणजे उत्तरेतल्या शांतता करारात, ब्रिटनने सरळ ‘आयर्लंडचं सरकार’ लिहिलं. त्याच करारापायी आयर्लंडनेही सार्वमत घेऊन ती दोन कलमं बदलली आणि दाव्याची भाषा मवाळ केली. नाव मात्र तेच राहिलं.

म्हणून ‘अधिकृत’ म्हणून हा वाद मिटत नाही. अधिकृत कुणाच्या दप्तरात, यावरच तर भांडण होतं.

‘एरा’ची सूचना तुम्ही प्रेमाने केली आहे हे कळतं. पण मुंबईचं उदाहरण इथे उलटं पडतं. मुंबईला ‘मुंबई’ म्हणा हा आग्रह मुंबईकरांचा होता. इंग्रजी बोलताना ‘आयर’ म्हणा असा आग्रह कॉर्कमध्ये कुणी धरत नाही. वर सांगितल्याप्रमाणे तो शब्द इंग्रजीत रूढ केला तो ‘आयर्लंड’ म्हणायला नको म्हणून. जुन्या लोकांच्या कानाला त्यात अजून लंडनचा वास येतो. आयरिश बोलताना मात्र एराच. नाण्यावर एरा, टपालाच्या तिकिटावर एरा.

आणि लिहायचंच तर दीर्घासकट. रोमन लिपीत पहिल्या अक्षरावर एक तिरकी रेघ असते. तिला ‘फादा’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘लांब’. आपल्या दीर्घासारखंच तिचं काम. ती गाळली की ‘एइरे’ असा वेगळाच शब्द होतो आणि त्याचा अर्थ ओझं, भार. आपल्याकडे दिनाचा दीन होतो तसंच. ब्रिटिश कागदांत ती रेघ सर्रास गाळलेली असे. शिवाय हे नाव विभक्तीत बदलतं. एरा, पण ‘आयर्लंडचा’ म्हणायचं तर एरन, ‘आयर्लंडमध्ये’ म्हणायचं तर एरिन. (डब्लिनच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह ‘डॉल एरन’ ते यामुळेच.) पुणे, पुण्याचा, पुण्यात, असं बोलणाऱ्या आपल्याला हे लगेच कळतं. पण म्हणूनच ‘एरामध्ये पाऊस होता’ असं मराठीत लिहिताना माझा हात अडखळतो. एका भाषेचं सामान्यरूप दुसऱ्या भाषेचा प्रत्यय लावून मोडायचं म्हणजे पुरणपोळीला चटणी.

बाय द वे, हे कलम आपल्याही दारात येऊन गेलंय. १८ सप्टेंबर १९४९ ला संविधान सभेत पहिल्या कलमावर चर्चा चालू होती. हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती सुचवली ती थेट आयरिश घटनेचा दाखला देऊन: ‘भारत, किंवा इंग्रजी भाषेत इंडिया’. ती नामंजूर झाली आणि ‘इंडिया, अर्थात भारत’ राहिलं. म्हणून आपल्यासारख्यांनी नावाच्या वादाला रिकामा उद्योग म्हणताना जरा जपून.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते सांगते, आणि माझं चुकलं ते.

डब्लिनहून निघालेली बस मॉनहन ओलांडून सीमेपाशी येते तेव्हा तिथे काहीच नसतं. चौकी नाही, फाटक नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैलांत जातात. बस, इतकंच. त्या जागेवर मी लेखात लिहिलं होतं, ‘इथे आयर्लंड संपलं.’ वाक्य मला छान वाटलं होतं. तुम्ही त्याच्यावर बोट ठेवलंत, ‘उत्तरेतल्या माणसाला विचारा’ म्हणालात, आणि तिथे माझ्याकडे उत्तर नाही. डेरीतल्या राष्ट्रवादी, म्हणजे अख्खं बेट एक व्हावं असं मानणाऱ्या, घरातल्या माणसाला हे वाक्य ऐकवलं तर तो म्हणेल, मी मग कुठे राहतो? १९९८ च्या करारानुसार त्याला स्वतःला आयरिश म्हणवण्याचा हक्क आहे, आयरिश पासपोर्टचाही. ‘आयर्लंड’ म्हणजे फक्त २६ परगणे असं डब्लिनचा माणूस सहज बोलून जातो, तेव्हा त्याला ते लागतं. तो स्वतः ‘नॉर्दर्न आयर्लंड’ म्हणत नाही. ‘द नॉर्थ’ म्हणतो, नाहीतर ‘सहा परगणे’. शेजारच्या गल्लीतला युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू इच्छिणारा, अभिमानाने ‘नॉर्दर्न आयर्लंड’ म्हणतो, नाहीतर ‘अल्स्टर’, जरी अल्स्टरच्या नऊ परगण्यांतले तीन सीमेपलीकडे असले तरी. शहराच्या नावाचीही तीच गत. सीमेअलीकडच्या पाट्यांवर डेरी, पलीकडे लंडनडेरी, आणि त्यातलं ‘लंडन’ कितीदा तरी रंगाने फासलेलं. दोन्ही नावं मध्ये तिरकी रेघ देऊन लिहायची वेळ येते म्हणून तिथले रेडिओवाले जेरी अँडरसन गमतीने शहराला ‘स्ट्रोक सिटी’ म्हणायचे.

पण तुमचा ‘रिपब्लिक’ तरी त्या डेरीकराला चालेल का? हमखास नाही. जुन्या वळणाच्या रिपब्लिकनांच्या मते ‘रिपब्लिक’ म्हणजे १९१६ मध्ये अख्ख्या बेटासाठी जाहीर झालेलं, ३२ परगण्यांचं. डब्लिनच्या राज्याला ते अजून ‘फ्री स्टेट’ म्हणतात, नाक मुरडून. राज्याचं ते जुनं नाव १९३७ मध्येच कागदावरून गेलं.

आणि माझी जी चूक तुमच्या नजरेतून सुटली ती मीच सांगते. लेखात एका ठिकाणी मी ‘दक्षिण आयर्लंड’ लिहिलं होतं. डेरीत दोन दिवस राहून मी मॅलिन हेडला गेले, बेटाचं अगदी उत्तरेचं टोक. डेरीहून गाडी उत्तरेला निघाली, थोड्याच वेळात पाट्या मैलांच्या पुन्हा किलोमीटर झाल्या आणि मी ‘दक्षिणेत’ पोचले! मॅलिन हेड डोनेगॉलमध्ये, आणि डोनेगॉल डब्लिनच्या राज्यात. त्या टोकाला ‘बान्बाचा मुकुट’ म्हणतात. बान्बा ही एरूची बहीण, आणि एरू म्हणजे जिच्यावरून एरा हे नाव आलं ती देवी. तिसरी बहीण फोडला. जुन्या कवितेत या तिघींचीही नावं देशाला आहेत. तिथे कड्यावर वारा असा की टोपी हातात धरून चालावं लागतं, आणि खाली गवतात पांढऱ्या दगडांनी मोठ्ठ्या अक्षरांत ‘एरा’ मांडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात वरून जाणाऱ्या वैमानिकांना कळावं की हा तटस्थ देश आहे, म्हणून किनाऱ्यावरच्या टेहळणी चौक्यांपाशी अशी अक्षरं मांडली होती. तिथून घरी आल्यावर मी ‘दक्षिण आयर्लंड’ लिहिलं. काय म्हणावं?

तर लेखात दोन बदल केलेत. ‘दक्षिण आयर्लंड’ काढलं. आणि ‘इथे आयर्लंड संपलं’च्या जागी आता ‘इथे रिपब्लिकची हद्द संपते’ असं आहे. तो शब्द तुमच्याकडून घेतलाय. बाकी सगळीकडे ‘आयर्लंड’ होतं तसंच ठेवलंय.