संकासुर मेला की नाही?

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी स्टुलावर उभा होतो. दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात तोरंजनाचं भलंमोठं फळ आणि ते माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधायची केवणीची दोरी खाली भाईकडे. भाई म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. दोरी वर द्यायची, एवढंच त्याचं काम. पण त्याने ती उपरण्यासारखी खांद्यावर टाकली आणि मुलाकडे वळून म्हणाला, "२००२ मध्ये 'स्टार वॉर्स'मधल्या त्या बुटक्या हिरव्या गुरूला, योडाला, कॉम्प्युटरने उड्या मारायला लावल्या, त्या दिवशी सिनेमा मेला."

तोरंजन आता बराच वेळ माझ्याकडेच राहणार, हे मी ओळखलं.

फोंडा तालुक्यातल्या माझ्या सासरी गणपती दीड दिवसाचा आणि 'स्टार वॉर्स'चा वाद बारमाही. भाई जुन्या पक्षाचा. १९७७, १९८० आणि १९८३ चे तीन सिनेमे खरे, बाकी सगळा बाजार. १९९९ ते २००५ मधले तीन त्याला सावत्र, आणि २०१२ मध्ये डिस्नेने हे सिनेमे काढणाऱ्या जॉर्ज लुकासची कंपनी घेतली त्यानंतरचे तर त्याच्या लेखी सुतकातले. त्याचा मुलगा बाबू नव्या पक्षाचा. म्हणजे तसे त्याला सगळेच आवडतात, पण बाप समोर असला की फक्त नवेच आवडतात.

"१९८० चा योडा फ्रँक ऑझने आत हात घालून नाचवला होता," भाई म्हणाला. "रबराचा होता, पण डोळ्यांत जीव होता. आणि त्या प्रकाशाच्या तलवारीचा आवाज? प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या ट्यूबची गुणगुण मिसळून केलाय बेन बर्टने. कानांनी केलाय, बटणांनी नव्हे." हे सांगताना हाताला येईल ती वस्तू फिरवून 'व्हूंऽऽ' करायचं, हा त्याचा शिरस्ता. यंदा हाताला सुपारीचं शिपटं आलं. चार सुपाऱ्या गळून सोफ्याखाली गेल्या.

"पप्पा, दोरी," मी वरून बाबूच्या सुरात म्हणून पाहिलं. कुणीही हसलं नाही.

"आमचा नायक ल्यूक निळं दूध प्यायचा," भाईचा आवाज चढला. "२०१७ मध्ये त्याला हिरवं पाजलं. तेसुद्धा समुद्रकाठच्या त्या जनावराला स्वतः पिळून!"

स्वयंपाकघरातून वहिनी झारा घेऊनच धावत आली. "कुठलं दूध हिरवं झालं? उद्याच्या खिरीचं?"

तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली. माझे दंड तोपर्यंत बधिर झाले होते, त्यामुळे दुखायचे थांबले. एवढाच काय तो फायदा.

बाबूही काही कमी नाही. "२०१५ च्या सिनेमात ग्रह उडवणारा तोच लोखंडी गोळा, फक्त मोठा," असं भाई म्हणायचा अवकाश, तो म्हणाला, "आणि १९८३ मध्ये काय होतं? एकदा फुटलेला गोळा तुमच्याच लोकांनी परत बांधला होता ना?" भाई गप्प. बाबूने लगेच दुसरा हाणला. "आणि पहिल्या गोळ्याला दोन मीटरचं भोक ठेवलं होतं. एवढा चंद्राएवढा किल्ला, एक टॉर्पेडो आत टाकला की संपला! आतली ती कमजोरी बनवणाऱ्यानेच मुद्दाम ठेवली होती, हे २०१६ च्या सिनेमाने सांगितलं. तुमची गळती नव्यांनी बुजवली, पप्पा."

मुद्दा बिनतोड होता. भाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तू सांग याला. तू तरी जुन्यातला."

इथे माझं एक गुपित सांगायला हवं. पहिला 'स्टार वॉर्स' मी शाळेत असताना म्हापशाला मामाकडे पाहिला, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर. ल्यूकचं विमान त्या गोळ्यावरच्या खंदकात शिरलं, नेम धरायचं यंत्र चालू झालं, आता टॉर्पेडो सुटणार, आणि पडद्यावर अचानक एक नवरी मुंडावळ्या सावरत हसायला लागली. उरलेल्या कॅसेटवर कुणीतरी स्वतःचं लग्न उतरवून घेतलं होतं. शेवट मी आजवर पाहिलेला नाही. पण मुलगी बघायला या घरी आलो तेव्हा भाईने विचारलं, "जुने की नवे?" मी "जुने, अर्थात" म्हणालो, आणि माझं लग्न ठरलं. या पायावर उभा असलेला माणूस न्यायनिवाडा काय करणार? "दोन्ही आपापल्या जागी," असं पुटपुटलो. दोघांनीही माझ्याकडे सारख्याच तुच्छतेने पाहिलं. दोरी मात्र मिळाली.

दुसऱ्या दिवशी आरतीला गंमत झाली. सासऱ्यांनी भाईच्या नव्या घुमटावर, म्हणजे आरतीला वाजवायच्या मातीच्या वाद्यावर, थाप मारली आणि तोंड वाकडं केलं. "बकऱ्याचं कातडं. घोरपडीचा नाद नाही याला."

"बाबा, घोरपडीवर बंदी आहे," भाई उसळला. "जमाना बदलला. आवाज चांगला आहे, तुमचा कान जुना झालाय!"

बाबूने माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. मी डोळे मिटून टाळ वाजवत राहिलो.

रात्री जेवणं आटोपल्यावर भाईने फर्मान काढलं: सगळ्यांनी १९७७ चा सिनेमा पाहायचा, म्हणजे निकाल लागेल. आजीही येऊन बसली. तिचं माहेर पेडण्याचं, दशावतारी काल्यात बालपण गेलेलं. सिनेमातला खलनायक डार्थ वेडर पडद्यावर आला तशी ती सरसावली. "हा आमच्या दशावतारातला राक्षस, संकासुर! काळा वेष, काळं तोंड. जीभ कुठाय?"

"आजी, अंगात डेव्हिड प्राउझ आहे आणि आवाज जेम्स अर्ल जोन्सचा," बाबूने माहिती पुरवली.

"का? आमच्यात ज्याचं सोंग, त्याचाच गळा."

यावर दोन्ही पक्षांकडे उत्तर नव्हतं. मग तो दारूच्या गुत्त्यातला प्रसंग आला. भाई पुढे सरकला. "आता बघा. ल्यूकचा साथीदार हॅन सोलो टेबलाखालून बंदूक काढतो आणि तोच आधी—"

त्याच्यावर बंदूक रोखून बसलेला हिरव्या तोंडाचा ग्रीडो म्हणाला, "मॅक्लंकी." आणि दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकदमच सुटल्या.

"हे काय बोलला तो?"

बाबू हळू आवाजात म्हणाला, "२०१९ मध्ये घातलंय, पप्पा." १९९७ मध्ये लुकासने ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली, हे भाईला ठाऊक होतं, त्याचा शोक करून झाला होता. पण मॅक्लंकी नवं होतं. भाईने चष्मा काढून पुसला. "मग माझा सिनेमा कुठे मिळतो?"

"कॅसेटवर."

भाईची कॅसेट माळ्यावर होती. गोव्यातल्या कितीतरी पावसाळ्यांनी तिच्या फितीवर पांढरी बुरशी चढवली होती. कुणीच काही बोललं नाही. बाबूने न सांगता बापाला नेवऱ्यांचा डबा पुढे केला.

सिनेमा चालू राहिला आणि मी श्वास रोखून त्या खंदकाची वाट पाहू लागलो. विमानं आत शिरली. वेडर मागे लागला. आणि वीज गेली.

बाहेर मुसळधार पाऊस, आत फक्त गणपतीपुढची समई.

"थांबा, मी सांगतो," भाई म्हणाला. बाबूने घशातून विमानाचा आवाज काढायला सुरुवात केली, अगदी हुबेहूब. कुणीतरी बकऱ्याचं घुमट ओढून हलक्या थापा धरल्या. ते सासरेच असावेत. भाई रंगात आला. "मागून संकासुर! ल्यूक यंत्र बंद करतो. आता संकासुर गोळी झाडणार, तेवढ्यात वरून, सूर्याच्या बाजूने, हॅन सोलो—"

"आं? हॅन परत येतो?" मी ओरडलो.

घुमट थांबलं. विमान थांबलं. आणि त्या क्षणी, यायचीच होती तर, वीज आली. भाई आणि बाबू, जन्मात पहिल्यांदाच एका बाजूला, माझ्याकडे बघत होते.

"पण संकासुर मेला की नाही?" आजीने विचारलं.