फेरफार नंबर काय?

काल संध्याकाळी सॉफ्टवेअरच्या एका दुरुस्तीसोबत लिहिलेली माझी टेस्ट तपासणीतून परत आली. बग मारला होता दोन ओळींत, त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही. टेस्टवर मात्र माझ्याहून सहा वर्षांनी लहान मुलीनं लिहिलं, "संबंधित बगचे नंबर कुठे आहेत?" आणि पुढं हसरा चेहरा. प्रश्न एक वेळ सोडला, पण त्या चेहऱ्याचा राग अजून आहे.

बेळगावात टिळकवाडीतले आमचे घरमालक आण्णा निवृत्त तलाठी. दुसऱ्याच्या कागदात डोकावायची सवय पेन्शनीनंतरही सुटलेली नाही.

"काय करालास रे?"

"टेस्ट लिहितोय. दुरुस्त केलेलं पुन्हा मोडलं की बोंब मारणारी."

"मग मारू दे की बोंब. अडलं कुठं?"

सांगितलं. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर. कुठूनतरी चिकटवलेल्या नावांत न दिसणारी अक्षरं यायची, शोधात नाव सापडायचं नाही. कुणीतरी ती सरसकट उडवली. त्यात झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं न दिसणारं चिन्ह, तेही उडालं आणि 'शेतकऱ्यांची'मधली आडवी मिशी जाऊन डोक्यावर रफार बसला: 'शेतकर्यांची'. दुसऱ्यानं जॉइनर वाचवला. पण हा ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो, जॉइनर घालून किंवा नुक्त्याच्या ऱ-नं. डोळ्याला एकच, मशीनला दोन. शोध परत आंधळा. हा तिसरा बग माझ्या गळ्यात.

आण्णांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे एकातनं एक निघालेले तीन फेरफार. आणि तू उताऱ्यावर शेवटचाच नंबर घालालास?"

"एकही घातला नव्हता."

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी गायरान विकलंय. मग खानापूरकडची एक विहीर निघाली. तीन भाऊ, पाण्याच्या पाळ्या, मधल्या कारकुनानं जुनी नोंद 'निरुपयोगी' म्हणून गाळलेली. "पुढची दोन पोरं कोर्टात म्हातारी झाली रे!" चहावर साय धरली. आतून काकू ओरडल्या, "लिव्ह की रे ते नंबर, नाहीतर हे जेवायला उठायचे नाहीत!"

लिहायला माझी ना नव्हती. पण पहिल्या बगच्या नोंदीत एकच शब्द, 'फिक्स्ड'. दुसरा तर 'डुप्लिकेट' म्हणून बंद. अरे, डुप्लिकेट कसला? पहिल्याच्या औषधानं झालेला आजार तो! लिहिणारा बेंगळूरला जाऊन दोन वर्षं झाली. त्याला कुणी हसरा चेहरा पाठवला नाही. 1 नोव्हेंबर 2014 ला आमच्या गावाचं सरकारी नाव बदललं, तेव्हापासून एकाच तक्त्यात बेळगाव, बेळगावी, बेलगाम अशी तीन गावं नांदतात. तीही मीच निस्तरतो.

रात्री साडेअकराला टेस्टच्या डोक्यावर तिन्ही नंबर घातले. कुणामुळं कोण निघाला, तेही एकेका ओळीत.

सकाळी आण्णा दारात. "नोंद मंजूर झाली?"

"झाली."

"हरकतीची मुदत संपूदे. तवर नाचू नकोस."