नकलेची नक्कल

एका गुरुवारी आमच्या संगणकाचा पडदा निळा झाला. वर एक रडवेलं तोंड आणि खाली चार ओळी इंग्रजी. पाच मिनिटांनी यंत्र आपलं आपण सुरू झालं, जणू काही झालंच नव्हतं. पण त्या पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोरून सोसायटीची सात वर्षांची इतिवृत्तं, मुलीचे बारशापासूनचे फोटो आणि गृहकर्जाची फक्त मलाच कळणारी एक एक्सेल शीट तरळून गेली.

"सी ड्राइव्हचा बॅकअप घे," तिन्ही मित्र म्हणाले. कसा घ्यायचा, हे मात्र तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं.

(सीच का? तर ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी ठेवलेली होती. फ्लॉपी कधीच गेल्या, पण ती अक्षरं विंडोज अजून आपणहून कोणाला देत नाही. भाडेकरू परदेशी आणि खोलीला कुलूप, हे पुण्यात कोणाला समजावून सांगायला नको.)

पहिला मित्र क्लोनवाला. त्याचं म्हणणं, अख्ख्या ड्राइव्हचा जुळा भाऊ दुसऱ्या डिस्कवर तयार करायचा. विंडोज, प्रोग्रॅम, संगणक सुरू करणारे ते लपलेले छोटे विभाग, सगळं जसंच्या तसं. मूळ डिस्क गेली की ही जोडायची आणि कामाला लागायचं. मला पटलं. मग दुसरा म्हणाला, "आणि तू काल रात्री चुकून फोटो उडवलेस, आज क्लोन केलास, तर? जुळ्याकडेही फोटो नाहीत!" तो इमेजवाला. त्याच्या मते ड्राइव्ह दाबून-चेपून एका फाइलमध्ये भरायचा, लोणच्यासारखा, बरणीवर तारीख घालून. पुढच्या वेळी फक्त बदललेलं तेवढं साठवायचं. हेही पटलं. पण ही बरणी नुसती उघडून चालत नाही. त्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह बनवावा लागतो, त्याच्यावरून संगणक सुरू करावा लागतो आणि मग इमेज परत ओतावी लागते. तिसरा मित्र म्हणाला, "विंडोज काय, पुन्हा टाकता येतं. आपल्या फाइली तेवढ्या उचल." ऐकायला सर्वांत शहाणपणाचं. फक्त आपल्या फाइली कुठे कुठे आहेत, हे आपल्याला माहीत हवं. माझी निम्मी इतिवृत्तं डाउनलोड्समध्ये निघाली.

विचार करण्यात तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत बॅकअप शून्य. शेवटी एका रात्री मी मनाचा हिय्या करून इमेज घेतली, डी ड्राइव्हवर, आणि सकाळी चहाच्या वेळी ही कामगिरी अण्णांना ऐकवली.

"डी म्हणजे कुठं?" अण्णांनी विचारलं.

"त्याच डिस्कवर. दुसरा विभाग."

"म्हणजे त्याच वाड्यात, पलीकडच्या खोलीत."

अण्णांना संगणक कळत नाही, पण नक्कल कळते. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि बिऱ्हाड शनिवार पेठेत तळमजल्यावर. आजोबांनी जमिनीचे कागद ट्रंकेत ठेवले होते आणि सावध माणूस म्हणून त्यांची खरी नक्कलही करून घेतली होती. ती कुठं ठेवली होती? त्याच ट्रंकेत, तळाला. दोन्हींचा लगदा एकदमच झाला. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक कागदाची एक प्रत सांगलीला आत्याकडे जायची. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई आत्याच्या कपाटापर्यंत आली, तशी ही व्यवस्था मोडली. आता प्रती सोलापूरला मामांकडे जातात. तिथं नळाला रोज पाणी आलं तरी बातमी होते.

"अहो अण्णा, याला थ्री-टू-वन म्हणतात," मी म्हणालो. "तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर."

"म्हणू देत," अण्णा म्हणाले आणि पेपर उघडला.

मग तपकीर गल्ली, पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. स्कूटर लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात दोन क्लोन झाले असते. एक टीबीची डिस्क घेतली, घरी आणून जोडली, तर ९३१ जीबी. तडक परत गेलो. दुकानदाराला हा प्रश्न सवयीचा असावा. "कंपनी हजारानं मोजते, विंडोज एक हजार चोवीसनं. तुमचं काही कुणी खाल्लेलं नाही," असं त्यानं मान वर न करता सांगितलं. दुधाचं माप आणि दूधवाल्याचं माप यांच्यातला जुना वाद तंत्रज्ञानानं अजून मिटवलेला नाही, एवढं कळलं.

नवीन डिस्कवर इमेज घेतली. ती मी संगणकाशेजारच्या फळीवर ठेवताना अण्णा नुसते बघत होते. काही बोलले नाहीत. मीच ती उचलली.

मामा लग्नासाठी पुण्यात आले होते, संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं परत निघाले. अण्णांनी डिस्क जुन्या रुमालात गुंडाळून चकलीच्या डब्यात ठेवली. वर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'महत्त्वाचे. हात लावू नये. लावल्यास कळवावे.'

चौथ्या दिवशी मामांचा फोन आला.

"अरे, चकल्या उत्तम. पण त्या काळ्या डबीत गाणी-बिणी काहीच नाहीत की. टीव्हीला लावून बघितली."

"टीव्हीला?" माझा आवाज बसला. "मग?"

"टीव्ही विचारत होता, फॉरमॅट करू का. मी हो म्हटलं."

"अहो मामा, वर लिहिलं होतं ना, हात लावू नये म्हणून!"

"लिहिलं होतं रे. पण पुण्याहून आलेल्या कुठल्या वस्तूवर लिहिलेलं नसतं?"