फ्लॅशचे ‘सोनेरी नियम’ आणि बाळाचा डोळा

‘फोटो काढण्याचे पाच सोनेरी नियम’ हा फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या भाचीपर्यंत पोचला. तिच्या मांडीवर तान्हं बाळ आहे, म्हणून चौथा नियम आधी घेतो. बाकीचे नुसते चुकलेत, हा घातक आहे.

नियम ४: ‘बाळाच्या डोळ्यात लाल-पांढरं दिसलं तर तो फ्लॅशचा दोष. रेड-आय मोड लावून पुन्हा काढा, आधीचा फोटो डिलीट करा.’

लाल ठीक आहे. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असतो, अंधारात बाहुली मोठी झालेली असते, त्यामुळे डोळ्यामागच्या रक्ताचा रंग घेऊन प्रकाश थेट लेन्समध्ये परत येतो. पांढऱ्याची गोष्ट वेगळी. एक बाहुली लाल आणि दुसरीत पांढरट-पिवळी चमक असेल, तर मोतीबिंदू असू शकतो किंवा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. हा बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप असते. रेड-आय मोड खऱ्या फ्लॅशआधी सेकंदभर छोटा दिवा लावून बाहुली आकसवतो. म्हणजे जी खूण दिसायला हवी तीच लपते, वर पुरावाही पुसायचा!

बरं, मूल जरा तिरकं बघत असताना डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या टोकावरून प्रकाश परतला तरी पांढरं दिसतं, आजार नसतानाही. तेवढं मान्य. पण ते ठरवणार कोण, फॉरवर्ड लिहिणारा? मूळ फोटो जपून ठेवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाला दाखवा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून ते पडदा तपासतात.

नियम ५: ‘फ्लॅशने बाळ आंधळं होतं.’ होत नाही. मात्र डोळ्यांजवळ फ्लॅश मारला तर तात्पुरतं दिसेनासं होऊ शकतं, म्हणून निकॉनच्या माहितीपुस्तिकेत किमान एक मीटर अंतर सांगितलंय आणि तान्ह्या मुलांबाबत जास्त जपायला सांगितलंय. ती पुस्तिका डब्यातच असते, कोणी उघडत नाही.

नियम १: ‘ऑटो फ्लॅश अख्खा हॉल उजळतो.’ कुठला! निकॉन डी५६०० कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद; त्याला लेन्सच्या छिद्राच्या आकड्याने भागलं की पोच मीटरमध्ये मिळते) १२ आहे, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता) १०० ला. भागिले एफ/५.६, म्हणजे जेमतेम दोन मीटर. आयएसओ १६०० केला तरी साडेआठ. पुढच्या रांगेतली डोकी पांढरी, स्टेज काळं.

नियम २: ‘दिवसा फ्लॅश नको.’ पाठीमागून ऊन असेल तर चेहरा काळा पडतो, तिथे हवाच. पी मोड (शटर आणि छिद्र कॅमेराच ठरवतो), फ्लॅशचं बटण दाबून तो उघडा, फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशची ताकद कमी-जास्त करणं) उणे १, लेन्स हूड काढा, नाहीतर त्याची सावली पडते. भर उन्हात मात्र फ्लॅश असताना शटर १/२०० सेकंदापेक्षा वेगवान होत नाही, आयएसओ १०० ला छिद्र एफ/११ च्या आसपास येतं आणि फ्लॅश मीटरभरच पोचतो. जवळ उभे राहा.

नियम ३: ‘रात्री कायम रेड-आय मोड.’ ग्रुप फोटोत छोटा दिवा लागला की लोकांना फोटो झाला असं वाटतं, ते हलतात, आणि खरा फ्लॅश पाठमोऱ्या मंडळींवर पडतो. मागचं लायटिंगही यायला हवं असेल तर स्लो सिंक (फ्लॅशसोबत शटर जास्त वेळ उघडं ठेवणारा मोड) लावा, कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि फ्लॅश पडल्यावरही क्षणभर थांबायला सांगा.