केबिनमधले मामा

आज सकाळी भाच्याशी चांगलंच वाजलं. तो न्यू जर्सीत, मी सांगलीत, आणि भांडण फॅमिली ग्रुपवर, म्हणजे आत्या-काकूंसकट सगळ्यांच्या साक्षीने. विषय जॉर्ज सँटोस, ट्रम्प यांनी तुरुंगातून सोडलेला अमेरिकेचा माजी खासदार. भाचा म्हणतो, "मामा, माफीचा अधिकार अध्यक्षाला राज्यघटनेनेच दिलाय ना? मग वापरला तर तू का तापतोस?"

तापतो. कारण मीही एकदा असाच सुटलोय.

सातवीतली गोष्ट. आमचे हेडसर म्हणजे माझे सख्खे मामा. शाळेत त्यांना 'सर'च म्हणायचं, हा आईचा दंडक. सहामाहीला इतिहासाच्या पेपरात मी आणि माझ्या बाकावरचा, दोघं एकाच चिठ्ठीवर सापडलो. केबिनमध्ये आधी तो गेला. हातावर छड्या, पेपरला शून्य, वडिलांना बोलावणं. मग मी. आत गेलो आणि त्या केबिनमध्ये पहिल्यांदाच 'मामा' म्हणालो. "जा, तोंड धू," एवढंच म्हणाले ते.

आता सँटोसचं बघा. न्यूयॉर्कचा माजी खासदार, फसवणूक आणि ओळखचोरी स्वतः कबूल केलेला. शिक्षा सात वर्षं तीन महिन्यांची. जुलै २०२५ मध्ये आत गेला, १७ ऑक्टोबरला बाहेर. नुकसानभरपाईचे पावणेचार लाख डॉलर भरायचे होते, तेही माफ. आणि त्याला सोडताना ट्रम्प यांनी काय लिहावं? की निदान हा माणूस नेहमी रिपब्लिकन पक्षालाच मत देत आला! लपवायचीसुद्धा गरज वाटत नाही. आत जायचं, 'मामा' म्हणायचं, तोंड धुवायचं.

एकटा सँटोस असता तर मी गप्प बसलो असतो. पण २० जानेवारी २०२५ ला, ट्रम्प खुर्चीत बसल्या दिवशीच, अमेरिकी संसदेवर त्यांचे समर्थक चालून गेल्याच्या प्रकरणातल्या जवळपास १,५०० जणांना माफी आणि वर १४ जणांची शिक्षा कमी. ६ जानेवारी २०२१ ला तिथे सुमारे १४० पोलीस जखमी झाले होते. त्यातल्या एखाद्याने टीव्हीवर काय पाहिलं असेल? आपल्याला बडवणारा माणूस हात हलवत बाहेर येतोय. माझ्या बाकावरच्यानेही मला असंच पाहिलं. तो व्हरांड्यात हात काखेत दाबून उभा होता.

"बायडननेही मुलाला सोडलं की," भाचा म्हणतो. सोडलं बाबा. देणार नाही, देणार नाही म्हणत १ डिसेंबर २०२४ ला हंटरला माफी दिली, आणि जाता जाता भावंडांनाही. एक मुलगा आधीच गेलेला, बापाचं काळीज मला कळतं. (लिहिता लिहिता जरा मऊच झालो.) पण ज्या आयांची पोरं तुरुंगात आहेत त्यांना बापाचं काळीज असलेला राष्ट्राध्यक्ष कुठून मिळणार? तेही चूकच.

आणि हो, माफी हवीच. कार्टर यांनी १९७७ मध्ये व्हिएतनामची सक्तीची भरती चुकवणाऱ्यांना माफ केलं, तशी. झालं समाधान?

मला खरी चीड आहे ती वेगळ्याच माफीची. १९९२, नाताळचा आदला दिवस. थोरल्या बुश यांनी माजी संरक्षणमंत्री वाइनबर्गर यांना माफी दिली. इराण-कॉन्ट्रा प्रकरणातला (इराणला चोरून शस्त्रं विकायची आणि पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना द्यायचा, ते प्रकरण) त्यांचा खटला जानेवारीत उभा राहायचा होता. ते प्रकरण घडलं तेव्हा बुश स्वतः उपाध्यक्ष होते, आणि वाइनबर्गर यांच्या टिपणवह्यांत त्यांचाही उल्लेख होता. कोण सुटलं त्या दिवशी?

१७८८ मध्येच, अमेरिकेची राज्यघटना मंजूर करायची की नाही या चर्चेत, व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसनने विचारलं होतं, अध्यक्षाने आपल्याच सांगण्यावरून झालेले गुन्हे माफ केले तर? त्या घटनेचे एक शिल्पकार मॅडिसन म्हणाले, महाभियोग आहे ना. आहे! सेनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात आणि आजवर एकाही अध्यक्षाला त्याने खाली खेचलेलं नाही. उरतं एवढंच की ही माफी राज्यांच्या कायद्याला लागू होत नाही. मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी वर्गणी गोळा करताना लोकांना फसवल्याच्या आरोपातून आपला जुना सल्लागार बॅनन याला ट्रम्पनी सोडलं, तरी न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्गणीसाठी पुन्हा धरलं. २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. तुरुंगात मात्र तिथेही जावं लागलं नाही.

आपल्याकडे सोवळं आहे असं मी म्हणतच नाहीये. पण २००६ मध्ये आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली शिक्षामाफी आपल्या सुप्रीम कोर्टाने रद्द केली. कैदी आमदारबाईंचा नवरा, आणि कागदपत्रांत चक्क 'चांगला काँग्रेस कार्यकर्ता' अशी शिफारस. निदान फाइल मागवून वाचणारं कोणी तरी होतं.

एक गोष्ट ग्रुपवर सांगितली नाही, मामी त्यात आहेत म्हणून. इथे सांगतो. ती चिठ्ठी गाइडमधून फाडलेली होती, आणि ते गाइड मामांच्या घरचं, त्यांच्याच टेबलावरचं. पानावर त्यांचं अक्षर होतं. कसून चौकशी झाली असती तर ती त्यांच्याच दारात गेली असती. चिठ्ठी त्यांनी खिशात घातली, मी पाहिलं. मामा वाईट नव्हते हो. माझी फी त्यांनी भरली, आजारपणात रात्र रात्र बसले. पण ती चिठ्ठी त्यांनी खिशात घातली.

बाकावरच्याने कधीच तोंड उघडलं नाही. फक्त त्या दिवसापासून मला नावाने हाक मारणं बंद केलं. परवा माझा वाढदिवस झाला, दहावीच्या ग्रुपवर पहिला मेसेज त्याचाच. "हॅपी बर्थडे, भाचे."