कुक रिकाम्या हाताने परत आला? एका प्रतिक्रियेला उत्तर

कमेंट सविस्तर लिहिलीत, थँक्यू, म्हणून माझं उत्तरही जरा लांबलंय. तुमचं म्हणणं असं की ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकची १७७२ ते ७५ ची दुसरी सफर सपशेल फेल गेली, तीन वर्षं सरकारी पैशावर फिरून गडी अंटार्क्टिका न बघताच घरी आला आणि मी उगाच त्याला डोक्यावर घेतलंय.

अहो पण त्याला पाठवलं कशाला होतं? दक्षिणेला भलामोठा सुपीक खंड आहे अशी तेव्हा युरोपात पक्की समजूत. डॅलरिंपल नावाचा गृहस्थ (मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केलेला) तर तिथे पाच कोटींच्या वर लोक राहत असतील असं छापून मोकळा झाला होता, न बघता! हे खरं की खोटं ते घरी बसून कसं कळणार, जाऊनच बघावं लागतं. कुक गेला. दोर तारेसारखे ताठ, शिडं पत्र्यासारखी कडक, पाणी संपत आलं तर समुद्रातले हिमखंड फोडून वर ओढायचे आणि वितळवून प्यायचे. ३० जानेवारी १७७४ ला ७१ अंश १० मिनिटं दक्षिण अक्षांशाला पोचला, समोर बर्फाची भिंत, त्यात ९७ हिमपर्वत मोजले आणि मागे फिरला. त्याच्याआधी एवढं खाली कोणी गेल्याची नोंद नाही. म्हणजे तो सुपीक खंड तिथे नाही हे कळलं, आणि तेच तर शोधायचं होतं.

आता उलटं उदाहरण बघा. त्याच १७७२ साली फ्रान्सच्या केर्गेलेन नावाच्या दर्यावर्दीला हिंदी महासागरात खाली एक बेट दिसलं, हा बाबा स्वतः किनाऱ्यावर उतरलाही नाही आणि राजाला जाऊन सांगितलं की खंड सापडला, शेती होईल, खाणी निघतील. राजाने परत धाडला तर तिथे नुसता वारा, दगड आणि बर्फ. पुढे कोर्टमार्शल आणि तुरुंग (त्यात बाकीच्याही भानगडी होत्या म्हणा). तुमच्या हिशेबाने हा सक्सेसफुल, काहीतरी 'सापडलं' होतं ना!

पॅसिफिकमधली बेटं आधीच वसलेली होती हा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, कुकच्या पहिल्या सफरीत टुपिया नावाच्या पॉलिनेशियन (पॅसिफिक बेटांवरच्या) वाटाड्याने सत्तरच्या वर बेटांचा नकाशा करून दिला होता, त्याच्यावर वेगळी पोस्ट टाकतो. पण याच दुसऱ्या सफरीत कुक दक्षिण अटलांटिकमधल्या साऊथ जॉर्जिया बेटावर उतरला, तिथे कोण राहत होतं, सील आणि पेंग्विन?

आणि दक्षिणेला जमीनच नाही असं कुक म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय, ते तसं नाहीये. ध्रुवाजवळ जमीन असणार, एवढा बर्फ तिथूनच येतोय असं त्यानेच लिहून ठेवलंय, फक्त ती कोणाच्या उपयोगाची नाही असं त्याचं मत होतं.