300 रुपयांचा स्वेटर आणि बाकावरचे चार तास

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. मथळा : ‘छंद की वेळेची नासाडी?’ लिहिणाऱ्याचं नाव नाही. म्हणणं थोडक्यात असं. 300 रुपयांत स्वेटर मिळतो, मग महिनाभर सुया चालवणं मूर्खपणाचं. विणकाम-भरतकाम हे रिकाम्या बायकांचे उद्योग. सुई-दोऱ्याने मन शांत होत नाही, त्यासाठी ध्यानच लागतं. डायरी लिहिणं म्हणजे दुःख उगाळत बसणं. आणि एवढीच हौस असेल तर केलेलं विका, दोन पैसे तरी सुटतील.

तिसऱ्या वेळी तो आला माझ्या मावसबहिणीकडून. मला सुया धरायला जिने शिकवलं ती ही ताई. म्हणून गप्प बसवत नाही, आणि एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

पैशांचं गणित बरोबर आहे, ते आधीच मान्य करते. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण 500 ग्रॅम लोकर लागते. बरी लोकर घेतली तर तिच्यातच तयार स्वेटरपेक्षा जास्त पैसे जातात. काटकसर म्हणून कुणी विणत असेल तर त्याने खुशाल विकतचा स्वेटर घ्यावा. पण मी सुया हातात घेतल्या तेव्हा मला स्वेटर नकोच होता.

बाबांचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा, दर खेपेला चार तास. ते आत, मी बाहेरच्या बाकावर. मोबाइल उघडला तरी नजर दाराकडे, आतून मशीन वाजलं की पोटात गोळा. पुस्तक नेलं तर एकच पान चार वेळा वाचायचं. ताई एकदा भेटायला आली, माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या खेपेला सुया आणि राखाडी लोकरीचा गुंडा घेऊन आली. म्हणाली, ‘‘दोन सुलट, दोन उलट. एवढंच करत राहा.’’ 40 टाके घालून मफलर सुरू केला. संपला तेव्हा सुईवर 47 टाके होते. वाटेत कुठे वाढले ते आजही सांगता येणार नाही. बाबांनी तो दोन हिवाळे गळ्यात घातला.

दोन सुलट, दोन उलट मोजायला थोडंच लक्ष लागतं, पण तेवढं लक्ष काळजीच्या वाट्यातून कापलं जातं. हात चालू असतात, श्वास त्यांच्या चालीवर येतो. आणि चुकलं तर उसवता येतं. त्या वर्षभरात घरात जे जे घडत होतं, त्यातलं काहीच उसवून पुन्हा करता येण्याजोगं नव्हतं. ही एक वस्तू तेवढी तशी होती. मेसेज लिहिणाऱ्याने स्वेटरची किंमत काढली. त्या चार तासांची काढायला हवी होती.

हा फक्त माझा अनुभव नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत जगभरच्या साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांना प्रश्न विचारले होते. जे वरचेवर विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटतं असं जास्त सांगितलं. अर्थात विचारलं ते विणणाऱ्यांनाच, म्हणून हा पुरावा मी जपूनच वापरते. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने वेगळी रीत घेतली. 39 प्रौढांना 45 मिनिटं माती, रंगीत पेनं, चिकटकामाचे कागद असं काहीही हाताळू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते उतरलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्यातली उणीव. पण एक गोष्ट मला मोलाची वाटते : आधी कला येत होती की नव्हती, याने फरक पडला नाही. ‘माझ्या हातात कला नाही’ म्हणून मागे राहणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं.

ध्यानाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. मला त्या दिवसांत डोळे मिटले की बाबांचा चेहराच दिसायचा. पण सुई-दोरा एकीकडे आणि मनाची शांती दुसरीकडे, अशी वाटणी मराठी माणसाने करावी याचं वाईट वाटतं. नामदेव शिंप्याच्या घरातले. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची पदं आहेत. त्यांतल्या एकात मन हाच कापड मोजायचा गज, जीभ हीच कातर, आणि सोन्याची सुई, रुप्याचा दोरा घेऊन नाम्याचं चित्त हरीशी जडलेलं आहे. ज्या कामावर घर चालायचं त्याच कामाची भाषा त्यांनी भक्तीसाठी घेतली.

आता ‘रिकाम्या बायका’. जुन्या लुगड्यांचे थर लावून, धावदोरा घालत गोधडी शिवणारी बाई कोणत्या काळात रिकामी होती? शेत, चूल, पोरं उरकून मिळालेल्या दुपारीच ती सुई हातात घ्यायची. आणि फक्त बायका म्हणाल तर काश्मिरी शालींवरचं सोझनी काम, म्हणजे बारीक सुईचं भरतकाम, पिढ्यान्‌पिढ्या पुरुष करत आले आहेत. मुंबईत धारावीत जरीकामाच्या चौकटीभोवती बसलेले कारागीर पाहा, तेही बहुतेक पुरुषच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातले मेजर अलेक्सिस कॅसडॅग्ली जर्मनांच्या कैदेत होते. 1941 मध्ये त्यांनी कॅनव्हासचा एक तुकडा भरायला घेतला. धागे काढले एका विरत आलेल्या स्वेटरचे. कडेच्या नक्षीत ठिपके आणि रेघा दिसतात. ती मोर्स लिपी आहे : राजासाठी प्रार्थना, आणि हिटलरला शिवी. जर्मनांना ते ओळखता आलं नाही, उलट त्यांनीच तो तुकडा छावणीत प्रदर्शनाला लावला. तारेच्या कुंपणाआड दिवस ढकलणाऱ्या त्या माणसाला टाक्याटाक्याने काय मिळत असेल, ते मला बाकावर बसून थोडंफार कळलं होतं. ब्रिटनच्या तुरुंगांत ‘फाइन सेल वर्क’ ही संस्था 1997 पासून कैद्यांना भरतकाम शिकवते. तिथेही सुई धरणारे बहुतेक पुरुष आहेत.

डायरीचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. लिहिताना दुखतं, हे खरं. 1986 मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायला लावलं. काहींना साधे विषय दिले, काहींना आयुष्यातला सगळ्यांत जिव्हारी लागलेला प्रसंग. लिहून उठताना प्रसंग लिहिणाऱ्यांना जास्त वाईट वाटत होतं. पण ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांना पुढच्या काही महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. नंतर असे शंभराहून अधिक प्रयोग झाले. सरासरी फायदा छोटा निघतो, आणि प्रत्येकाला होतो असंही नाही.

माझी वही सुरू झाली ती आकड्यांनी. बाबांचं डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, दिवसभरात प्यायलेलं पाणी, बीपी. मग एक दिवस आकड्यांखाली लिहिलं, ‘आज बाबा चिडले, मीही चिडले.’ रात्रभर डोक्यात तेच भांडण गरगरत राहिलं असतं. कागदावर त्याला सुरुवात द्यावी लागली, आधी काय झालं, मग कोण काय बोललं. तिसऱ्या ओळीला लक्षात आलं की त्या दिवशी त्यांना दुपारभर तहान लागली होती आणि मी पेला बाजूला सरकवला होता. याला उगाळणं म्हणत नाहीत. मात्र लिहून लिहून दिवसेंदिवस जास्तच बुडाल्यासारखं वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर वही मिटून डॉक्टरांकडे जावं. विणकामालाही हेच लागू. मी त्याला औषध म्हणत नाही.

राहिलं विकणं. जिचं घर शिलाईवर चालतं तिचा तो धंदा आहे, आणि तिला पुरेपूर दाम मिळालाच पाहिजे. पण प्रत्येक छंदाला किंमतीची चिठ्ठी लावायची घाई का? 1973 मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी पाहिलं तेव्हा तीच मुलं, बक्षिसाचं बोलणं ज्यांच्याशी झालंच नव्हतं त्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. मीही एकदा ओळखीत दोन टोप्यांची ऑर्डर घेतली. रंग त्यांचा, माप त्यांचं, तारीख त्यांची. आठ दिवस मी टाके मोजत नव्हते, तारीख मोजत होते. पुन्हा घेतली नाही.

ताई, तुझा मेसेज मी पुढे पाठवलेला नाही. तू कधीपासून सुया ठेवून दिल्यास ते मला माहीत नाही, विचारायला हवं होतं. तुझ्या कपाटात वरच्या फळीवर निळ्या लोकरीचे चार गुंडे होते, ते अजून आहेत का? रविवारी येते. स्वेटर गळ्यापर्यंत आणलाय, आणि गळ्याचे टाके कमी करणं मला अजूनही जमत नाही.